ऑडिटवाले आलेत!

तुमच्या ऑफिसातल्या कोंदट मीटिंग रूममध्ये फायलींच्या ढिगाआड बसलेली ती तीन पोरं आठवतायत? तुमची टॅक्सीची बिलं तपासणारी? त्यांच्यातल्याच एकीबरोबर मी दीड वर्ष एका छपराखाली राहतेय. सीए होण्याआधीच्या त्या दोन वर्षांची ही आतली गोष्ट.

वर्षातून एकदा प्रत्येक ऑफिसात हा सीन घडतो. एरवी हसतमुख असणारी अकाउंट्सची मॅडम अचानक कपाटं उपसायला लागते. एसी धड न चालणारी कोपऱ्यातली मीटिंग रूम दोन-तीन आठवड्यांसाठी 'बुक' होते. पाठीला सॅक लावलेली दोन-तीन पोरं तिथे येऊन बसतात आणि मग एक दिवस तुमच्या टेबलाशी येऊन अतिशय नम्रपणे विचारतात, "सर, १४ नोव्हेंबरला तुम्ही नाशिकला होता ना? मग त्याच रात्रीचं पुण्यातल्या हॉटेलचं बिल कसं काय लागलंय?"

तुम्ही वैतागता. कोण ही कालची पोरं, आम्हाला विचारणारी?

पोरं खरंच कालची असतात. वय वीस-एकवीस. हातात डिग्री नाही, व्हिजिटिंग कार्ड नाही, पगारही नाही. मिळतो तो स्टायपेंड. त्यांना म्हणतात 'आर्टिकल'.

यातलीच एक कर्वेनगरमधल्या आमच्या फ्लॅटवर राहते. मूळची बार्शीची. वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून मी 'ताई'. या लेखासाठी बोलायला ती तयार झाली ती दोन अटींवर. तिचं नाव द्यायचं नाही आणि क्लायंटचं नाव विचारायचं नाही. पहिली अट तिची, दुसरी तिच्या प्रोफेशनची. दीड वर्षात तिच्या तोंडून मी एकाही कंपनीचं नाव ऐकलेलं नाही. आमच्या घरात क्लायंट्सना 'चाकणवाले', 'मार्केट यार्डवाले', 'ते चिडके डॉक्टर' अशीच नावं आहेत.

आर्टिकल म्हणजे काय रे भाऊ?

सीएचा रस्ता आधी थोडक्यात बघू. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग फायनल. प्रत्येक पेपरात किमान ४० मार्क आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के, तरच पास. एका पेपरात ३९ पडले की अख्खा ग्रुप गेला. नोव्हेंबर २०२३ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी पास झाले ९.४२ टक्के. यावरून काय ते समजा.

पण नुसत्या परीक्षा देऊन कुणी सीए होत नाही. इंटर आणि फायनलच्या मधे प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली काम शिकावं लागतं. तीच आर्टिकलशिप. पूर्वी ती तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासून 'आयसीएआय' म्हणजे सीए इन्स्टिट्यूटची नवी योजना आली आणि ती दोन वर्षांची झाली. इंटरचे दोन्ही ग्रुप पास, त्यानंतर इन्स्टिट्यूटचं ओरिएंटेशन आणि आयटीचं ट्रेनिंग, आणि मग फर्ममध्ये एंट्री.

'आर्टिकल' हा शब्द वर्तमानपत्रातल्या आर्टिकलचा नाही (मला आधी तसंच वाटायचं!). आर्टिकल्स म्हणजे करारातली कलमं. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात रीतसर करार होतो, तो इन्स्टिट्यूटकडे नोंदवला जातो. शिकवणाऱ्या सीएला म्हणायचं 'प्रिन्सिपल'. ही पद्धत इंग्रजांकडून आली आणि १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानंतरही टिकली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर गुरुकुलच. फक्त लाकडं फोडण्याऐवजी बँक स्टेटमेंट फोडायची.

बऱ्याच जणांचं बी.कॉम.ही याच काळात बाजूनं चालू असतं. म्हणजे सकाळी कॉलेज, दिवसा ऑफिस, रात्री सीएचा अभ्यास. तुमचा-माझा 'वर्क-लाइफ बॅलन्स' वगैरे या मंडळींना सांगायला जाऊ नका. हसतील.

पहिले तीन महिने : झेरॉक्स, झेरॉक्स आणि झेरॉक्स

तिची फर्म नवी पेठेत. दुसरा मजला, लिफ्ट नाही. एक सर, दोन क्वालिफाइड सीए, सहा आर्टिकल्स आणि पंचवीस वर्षं सरांबरोबर असलेले एक काका. या काकांना कुठल्या क्लायंटची कुठली फाइल कुठल्या खणात आहे ते झोपेतही सांगता येतं.

फेब्रुवारीतल्या पहिल्या दिवशी ती नवा फॉर्मल शर्ट घालून गेली. संध्याकाळी परतली तेव्हा शर्टाच्या बाह्यांना धुळीचे पट्टे. "काय केलंस गं दिवसभर?" मी विचारलं. "पाच वर्षांपूर्वीच्या फायली शोधल्या आणि त्यांच्या झेरॉक्स काढल्या."

पुढचे कित्येक आठवडे तेच. झेरॉक्स, पंचिंग, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात कागद पोचवणं, टॅलीत एंट्र्या मारणं. इंटरला अकाउंटिंगमध्ये झकास मार्क मिळवलेली मुलगी रोज रात्री वैतागून म्हणायची, "ताई, यासाठी केला होता का मी अभ्यास?"

हा प्रश्न बहुतेक आर्टिकल्सना पडतो. त्याचं उत्तर तिला एप्रिलमध्ये एका बँकेच्या शाखेच्या ऑडिटला मिळालं. सीनियरनं एक कर्जाची फाइल पुढे टाकली आणि सांगितलं, "यात काय नाहीये ते सांग." काय आहे ते नाही, काय *नाहीये* ते! तिनं पाच मिनिटांत तीन कागद कमी असल्याचं सांगितलं. दोन महिने हजारो कागद हाताळल्यामुळे पूर्ण फाइल कशी दिसते, हे डोळ्यांना पाठ झालं होतं. झेरॉक्सचा फंडा तेव्हा कळला.

हिरवा पेन आणि ९,९०० रुपये

आर्टिकलचं रोजचं काम म्हणजे व्हाउचिंग. वहीतली नोंद बघायची, तिचं बिल शोधायचं, तारीख, रक्कम, सही, मंजुरी जुळवायची आणि टिक करायची. तिच्या फर्ममध्ये अजून हिरव्या पेनची प्रथा आहे. दिवसाला चारशे-पाचशे टिक. तुम्हाला वाटेल, काय बोअर काम आहे! तिलाही वाटायचं. मग एकदा ती असंच टिक करत असताना थांबली.

एका क्लायंटकडे ट्रान्सपोर्टच्या खर्चाची रोखीची व्हाउचर्स होती. ९,९००. ९,८५०. ९,९००. ९,९५०. एकाच माणसाला, एकाआड एक दिवशी. प्रत्येक व्हाउचरवर सही होती, प्रत्येकाला बिल जोडलेलं. सुटं सुटं बघितलं तर सगळं ओके. पण एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर धंद्याचा तो खर्च इन्कम टॅक्समध्ये साधारणपणे धरला जात नाही. ट्रकवाल्यांना यात जास्त मर्यादेची सवलत आहे. पण हा माणूस ट्रकवाला नव्हता, हमालीचा कंत्राटदार होता. मोठं बिल फोडून छोटं केल्याचा वास येत होता.

तिनं यादी करून सीनियरला दिली. सीनियरनं क्लायंटला विचारलं. आधी चिडचिड, मग सारवासारव, आणि शेवटी पुढच्या वर्षीपासून त्या कंत्राटदाराला बँकेतून पैसे जायला लागले. ना हेडलाइन, ना धाड. ऑडिटमध्ये विजय असाच दिसतो.

"टिक करताना बिल बघायचं नसतं ताई, रांग बघायची असते," ती म्हणाली. हे वाक्य मी माझ्या डायरीत लिहून ठेवलंय. पत्रकारितेलाही चालतं.

चाकण, ३१ मार्च

या लेखाच्या निमित्तानं तिला विचारलं, दीड वर्षातला विसरता न येणारा दिवस कुठला? मला वाटलं सप्टेंबरची एखादी रात्र सांगेल. टॅक्स ऑडिट रिपोर्टची मुदत ३० सप्टेंबरला असते आणि त्या आठवड्यात अख्खी फर्म वडापाववर जगते. पण तिनं सांगितला ३१ मार्च. जॉइन होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी गोडाऊनमधला माल प्रत्यक्ष मोजायचा असतो. वहीतला माल आणि जमिनीवरचा माल एक आहे का, हे बघायला ऑडिटरचा माणूस हजर राहतो. तो माणूस म्हणजे अर्थातच आर्टिकल. चाकणच्या त्या कंपनीची दोन गोडाऊन होती. सीनियर दादा एकीकडे, ही दुसरीकडे. एकटी.

तिथे प्लास्टिक दाण्याच्या गोण्या होत्या. एकेक २५ किलोची. पत्र्याच्या शेडमध्ये मार्चअखेरचं ऊन, आणि सोबत स्टोअरचे काका. पन्नाशी पार केलेले, अगदी प्रेमळ. आल्याआल्या त्यांनी तिला टेबल फॅनसमोर बसवलं, ताक मागवलं. "माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे गं."

वहीत गोण्या होत्या ४८०. तिनं मोजल्या, ४१२ भरल्या. पुन्हा मोजल्या, थप्प्यांच्या मागे जाऊन, खडूनं खुणा करत. ४१२.

काकांचा चेहरा उतरला. "बाळा, ४८० लिही. बाकीच्या उद्या-परवा येतायत. दरवर्षी येणारा मुलगा लिहायचा."

विचार करा. वय वीस. पहिलीच असाइनमेंट. समोर वडिलांच्या वयाचा माणूस, ज्याचं ताक तुम्ही आत्ताच प्यायलाय. घरी तिच्या वडिलांच्याही दुकानात पोती मोजण्यावरून कामगारांशी वाद झालेले तिनं पाहिलेले. तिनं बाहेर येऊन दादाला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "जे मोजलंस तेच लिही. वहीतला आकडा तुझ्या शीटवर येताच कामा नये. आणि काकांची सही घे."

तिनं ४१२ लिहिलं. काकांनी काही न बोलता सही केली. त्या रात्री ती जेवली नाही. मला कारण सांगितलं नाही, 'उन्हानं झालं' म्हणाली.

पुढे चौकशीत कळलं, ६० गोण्या भोसरीला दुसऱ्या युनिटकडे जॉबवर्कला गेल्या होत्या. चलन फाडलं होतं, पण वहीत चढवायचं राहिलं होतं. माल सुखरूप होता. उरल्या आठ. त्या आठ गोण्यांचा पत्ता कधीच लागला नाही.

आठ गोण्या म्हणजे साधारण चोवीस हजारांचा माल. कोट्यवधींच्या उलाढालीत ही रक्कम 'मटेरियल' नाही, म्हणजे ताळेबंदाचं चित्र बदलेल एवढी मोठी नाही. ऑडिट रिपोर्टमध्ये तिचा उल्लेखही आला नाही. कंपनीच्या मॅनेजरना जी छोट्या त्रुटींची यादी दिली, तिच्यात एक ओळ आली. बस.

या वर्षी ३१ मार्चला ती पुन्हा त्याच गोडाऊनला गेली. स्टोअरला नवा माणूस होता. "आधीचे काका?" "रिटायर झाले." ती पुढे काही विचारू शकली नाही. खरंच रिटायर झाले की त्या एका ओळीनं त्यांना घरी पाठवलं, हे तिला माहीत नाही.

"तुला वाईट वाटतं?" मी विचारलं.

"वाटतं ना. पण ताई, आकडा बरोबर होता. मी ४८० लिहिलं असतं तर त्या साठ गोण्या भोसरीत आहेत हेसुद्धा कुणाला कळलं नसतं. आणि पुढच्या वर्षी माझ्यानंतर जी मुलगी जाईल तिला काकांनी सांगितलं असतं, दरवर्षी येणारी मुलगी लिहायची." थोडं थांबून ती म्हणाली, "तरी वाटतंच."

आपल्यापैकी कितीजणांना पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात असा कागद भरावा लागला होता?

सात हजारांचं बजेट

आता पैशांबद्दल बोलू. किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येवर ठरतो. नव्या योजनेनं तो दुप्पट केला, पण आधीचा आकडाच इतका किरकोळ होता की दुप्पट होऊनही पुण्यातलं भाडं निघत नाही. तिची फर्म किमानापेक्षा जास्त देते. पहिल्या वर्षी महिना ७,०००, आता ९,०००. आमच्या फ्लॅटमधली तिची कॉट ६,००० ची. डबा, बस, अभ्यासिकेची फी यासाठी बार्शीहून पैसे येतात. "मी ऑफिसला जाते आणि बाबा मला पगार देतात," हा तिचा आवडता जोक.

मोठ्या, नावाजलेल्या फर्म्समध्ये याच्या दुप्पट-तिप्पट मिळतात. तिथे चकाचक ऑफिस, लॅपटॉप, मोठे क्लायंट. मग सगळे तिकडेच का जात नाहीत? एक तर सगळ्यांना घेत नाहीत. दुसरं म्हणजे तिथे वर्षभर एकाच बँकेचं किंवा एकाच मोठ्या कंपनीचं एकच खातं तपासत बसायची वेळ येऊ शकते. नवी पेठेत आज जीएसटी, उद्या ऑडिट, परवा एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या भांडणातला हिशेब, आणि मधेच त्या चिडक्या डॉक्टरांचं रिटर्न. शिवाय सर शेजारच्या केबिनमध्ये. प्रश्न पडला की दार ढकलायचं.

शेवटचे नऊ ते बारा महिने एखाद्या कंपनीत 'इंडस्ट्रियल ट्रेनिंग' करायचाही पर्याय असतो. तिच्या दोन मैत्रिणी त्यासाठी मुंबईला गेल्या. एकीचा स्टायपेंड हिच्या अडीचपट आहे. हिनं आठवडाभर विचार केला, वडिलांशी बोलली आणि नवी पेठेतच थांबली. वडील फोनवर म्हणाले होते, "पैसे मी बघतो. तुला दुकान कुठलं शिकवतंय ते तू बघ."

तीस रात्री आणि बारा सुट्ट्या

नियमाप्रमाणे आठवड्याला ३५ तास काम. महिन्याचं कॅलेंडर मात्र वेगळीच भाषा बोलतं. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीचं एक रिटर्न, २० ला दुसरं. मधल्या दिवसांत ऑडिट. रिटर्नच्या सीझनला रात्री साडेनऊच्या आत तिची चप्पल दारात दिसली, तर आम्ही मिठाई वाटायच्या बेतात असतो.

रजा वर्षाला फक्त १२. जुन्या तीन वर्षांच्या योजनेत परीक्षेआधी भरपूर रजा साठवून अभ्यासाला बसता यायचं. आता दोन वर्षं सलग काम आणि ती संपल्यावर फायनलआधी सहा महिन्यांचा मोकळा काळ, अशी रचना आहे. कागदावर हे छान दिसतं. पण काम करता करता अभ्यास सुटला तर सहा महिन्यांत फायनलचे सहा पेपर पेलत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून रात्री अकराला आमच्या हॉलमध्ये एक फॅकल्टी दुप्पट स्पीडवर बोलत असते. मला ती भाषा चिनी वाटते. हिला कळते. मी एकदा तेच लेक्चर नॉर्मल स्पीडला लावलं, तर म्हणाली, "ताई, सर आजारी वाटतायत!"

रविवारी सदाशिव पेठेतली अभ्यासिका. तिथे सीएवाले आणि एमपीएससीवाले शेजारी बसतात. दोघांचंही दुःख सारखं असल्यामुळे चहाच्या टपरीवर मैत्री पटकन होते.

घरच्यांना मात्र हे सगळं समजावणं कठीण जातं. बार्शीत लग्नकार्याला गेली की मावशा विचारतात, "झालीस का गं सीए?" तिनं ठरलेलं उत्तर तयार ठेवलंय, "अर्धी झालेय. उरलेली अर्धी पुढच्या वर्षी."

मग मिळतं काय?

सीए झाल्यावर नोकरी, पैसा, प्रतिष्ठा हे आहेच. २०२१ साली यूजीसीनं सीएला पोस्ट ग्रॅज्युएट डिग्रीच्या बरोबरीचा दर्जाही दिला. पण सगळेच फायनल पार करत नाहीत, करणाऱ्यांनाही कधी कधी तीन-चार अटेम्प्ट लागतात. मग त्या दोन वर्षांचं काय?

मी माझ्या डोळ्यांनी जे बघितलंय ते सांगते. दीड वर्षापूर्वी बँकेत एकटी जायला घाबरणारी ही मुलगी आज कंपनीच्या डायरेक्टरला शांतपणे म्हणते, "सर, हे बिल नाही मिळालं तर मला तसं लिहावं लागेल." आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीत ताळेबंद वाटला गेला, तेव्हा सगळे पार्किंगवरून भांडत होते. हिनं कागद उलटून विचारलं, "सिंकिंग फंडाची एफडी कुठे दिसत नाहीये?" हॉलमध्ये शांतता पसरली. एफडी होती, दुसऱ्या शीर्षकाखाली गेली होती. पण सेक्रेटरी तेव्हापासून लिफ्टमध्ये तिला आधी 'गुड मॉर्निंग' म्हणतात.

येत्या फेब्रुवारीत तिची दोन वर्षं पूर्ण होतील. परवा सरांनी तिच्या हाताखाली एक नवा मुलगा दिला, कॉलेजातून थेट आलेला, कडक इस्त्रीच्या शर्टातला. पहिल्याच दिवशी तो वैतागला, "दीदी, नुसत्या झेरॉक्सच काढायच्या का?"

"काढ," ती म्हणाली. "आणि काढताना वाच."

चौकट : ऑडिटवाले तुमच्या मजल्यावर आले की...

- त्यांना 'ए बाळा' म्हणू नका. त्यांनी लिहिलेली ओळ तुमच्या बॉसपर्यंत जाते.

- बिलं ट्रिपवरून परतल्या दिवशीच जमा करा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं कारण लगेच ओळखू येतं.

- उत्तर माहीत नसेल तर 'बघून सांगतो' म्हणा. ठोकून दिलेलं उत्तर दोन टेबलं पुढे जाऊन पकडलं जातं.

- घरात धाकटं कुणी आर्टिकलशिपसाठी फर्म शोधत असेल तर स्टायपेंडबरोबर आणखी दोन प्रश्न विचारायला सांगा. काम किती प्रकारचं मिळेल? आणि प्रिन्सिपल स्वतः किती वेळ भेटतात?

- आणि हो, त्या मीटिंग रूमचा एसी दुरुस्त करून घ्या. तीन आठवडे बसतात हो बिचारी तिथे!